बाण नसलेलं बेट

सुट्टी पाच दिवसांची, सोबतीला दादाची जुनी वही आणि भांडणाचा विषय एकच : गेमचे पुढचे भाग खरंच बाळबोध होत जातात का?

दिवाळीनंतर ऑफिसात पहिल्या दिवशी जे होतं तेच झालं. चहाच्या मशिनपाशी सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. कुणी गोव्याचे फोटो दाखवले, कुणी केरळचे. एका पठ्ठ्याने तर थेट व्हिएतनाम गाठलेलं. मग माझी पाळी आली.

"मी व्हार्डनफेलला गेले होते."

"वॉव! हे युरोपात येतं का? व्हिसा ऑन अरायव्हल आहे?"

आहे तर! बोटीतच नाव विचारतात, धक्क्यावर उतरलात की वंश, आणि सरकारी कचेरीत व्यवसाय आणि चक्क रास! पत्रिका बघूनच आत घेतात म्हणा ना. गोम एवढीच की हे बेट पृथ्वीवर नाही. ते आहे 'मॉरोविंड' नावाच्या कॉम्प्युटर गेममध्ये. 'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतला हा तिसरा भाग, बेथेस्डाने २००२ साली काढलेला. चौथा 'ऑब्लिव्हियन' २००६चा आणि पाचवा 'स्कायरिम' २०११चा. तलवारी, जादू, जुनी शापित घराणी वगैरे सगळा मसाला आहेच. तुम्ही एक पात्र व्हायचं, त्याला हळूहळू तयार करायचं आणि त्या मुलखात मनसोक्त भटकायचं.

मी आईवडिलांच्या घरी, नाशिकला, गॅलरीतल्या झोपाळ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन पाच दिवस भटकले. पण का गेले, ते आधी सांगायला हवं.

पाडव्याचं भांडण

माझा दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो बंगळुरूला, मी मुंबईत. आमचं बोलणं म्हणजे फॅमिली ग्रुपवरचे अंगठे आणि वाढदिवसाला एक फोन. भांडण नाही, काही नाही. फक्त बोलायला विषय नाही.

पाडव्याच्या दुपारी मी स्कायरिम खेळत होते. दादा फराळाचं ताट घेऊन मागे उभा राहिला आणि दोन मिनिटांत बिनसलं.

"हा बाण कसला?"

"जायचंय कुठे ते दाखवतो."

"म्हणजे बाणामागे चालत जायचं? याला गेम म्हणतात? ही तर बैलगाडी झाली!"

"मग तुमच्या वेळी कसं कळायचं कुठे जायचं ते?"

"विचारायचो," दादा म्हणाला. जसं काही मी श्वास कसा घ्यायचा असं विचारलं होतं.

मग आकडेवारी सुरू झाली. मॉरोविंडमध्ये २७ कौशल्यं होती, ऑब्लिव्हियनमध्ये २१ उरली, स्कायरिममध्ये १८. शक्ती, बुद्धी, चपळाई, नशीब असे आठ मूळ गुण होते, ते स्कायरिमने काढूनच टाकले आणि आरोग्य, जादू, दमसास असे तीन पट्टे ठेवले. प्रत्येक पुढचा भाग म्हणजे मागच्याचा पाणी घातलेला चहा, असा त्याचा निकाल होता.

मी म्हटलं, तुला जुनं ते सोनं वाटतंय. तो म्हणाला, जाऊन बघ. पैज लागली. पाच दिवस, व्हार्डनफेल, इंटरनेटवर उत्तर शोधायचं नाही. मदतीला फक्त एक वस्तू. त्याने माळ्यावरच्या खोक्यातून काढून दिलेली, २००४ सालची, दोनशे पानी वही.

दिवस पहिला : एसटीपेक्षा वेगळं काय?

प्रवास सुरू होतो सेडा नीन या चिमुकल्या बंदरातून. दलदल, दीपस्तंभ, चार घरं. तुमच्या हातात एक पाकीट देतात आणि सांगतात, बालमोरा शहरात जा, केयस कोसेडीस नावाच्या माणसाला भेट. तो कुठे राहतो? तिथल्या एका गुत्त्यात चौकशी कर. संपलं. बाण नाही, ठिपका नाही, काही नाही. माझ्या पिढीचा माणूस ब्लू डॉट दिसला नाही तर नाक्यावरही हरवतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी नुसती धक्क्यावर उभी होते.

गावाबाहेर सिल्ट स्ट्रायडर उभा असतो. हा उंचच उंच पायांचा महाकाय किडा. पाठीवरचं कवच पोखरून बसायला जागा केलेली, आणि चालक त्याचे उघडे अवयव हाताळून त्याला वळवतो. ऐकायला भयंकर, पण व्यवस्था अगदी आपल्या एसटीसारखी. ठरलेल्या मार्गांवरच जाणार. सेडा नीनहून बालमोरा, व्हिवेक, सुरान, निसिस. आल्डरूनला जायचंय? थेट गाडी नाही, बालमोराला बदला. पूर्वेकडच्या सॅड्रिथ मोराला? आधी व्हिवेकपर्यंत किडा, मग एबनहार्टला होडी, तिथून दुसरी होडी. नाहीतर बालमोराच्या मांत्रिक संघात पैसे भरा, ते तुम्हाला एका क्षणात पोचवतात. दोन दिवसांत मला हे वेळापत्रक तोंडपाठ झालं, दादर-ठाणे-कल्याण होतं तसं.

पहिल्या दिवशी मात्र मी हट्टाने चालत निघाले. रस्त्यात एक मांत्रिक किंचाळत आभाळातून पडला आणि माझ्यासमोर मेला. त्याच्याजवळ उंच उडी मारण्याच्या मंत्राच्या तीन गुंडाळ्या होत्या. मी एक वाचली. अर्ध्या बेटावरून उडत गेले, फार सुंदर देखावा दिसला, आणि त्या मांत्रिकाचं नेमकं काय झालं असावं ते खाली येताना कळलं. गेम परत लोड केला.

पुढे एका खेकड्याने गाठलं. मी सुरीचे दहा वार केले, नऊ हुकले. सुरी डोळ्यांदेखत त्याला लागतेय आणि गेम म्हणतोय नाही लागली! कारण इथे फासे पडतात : तुमचं कौशल्य किती, तुम्ही दमलात किती, त्यावर वार बसणार की नाही ते ठरतं. स्कायरिममध्ये तलवार लागली म्हणजे लागली. खरं सांगू? हा बदल मला एकदम मान्य आहे. खेकड्याकडून मार खाण्यात कसली आलीये खोली!

दिवस दुसरा आणि तिसरा : खोका

बालमोरा मस्त गाव आहे. मधून ओडाई नदी, दोन्ही काठांना मातकट रंगाची सपाट छपरांची घरं. केयस कोसेडीस सापडला. उघडाबंब, एका खोलीत राहणारा, व्यसनी वाटणारा आणि प्रत्यक्षात सम्राटाचा हेर. त्याने पाकीट घेतलं, मला कामावर ठेवलं आणि सांगितलं की आधी कुठेतरी जाऊन थोडा अनुभव घेऊन ये. फ्रेशर मंडळींनो, वाचताय ना? काल्पनिक जगातही एचआर हेच बोलतं.

मग आलं ते प्रसिद्ध काम. योद्ध्यांच्या संघातल्या हॅस्फॅट नावाच्या गृहस्थाला माहितीच्या बदल्यात एक कोड्याचा खोका हवा असतो. तो आहे आर्कंगथांड नावाच्या, ड्वेमर लोकांच्या पडक्या वास्तूत. रस्ता शब्दांत सांगितलेला : गावाबाहेर पडून मूनमॉथचा किल्ला ओलांडायचा, लाव्ह्याने कोरलेली घळ गाठायची, जुना ड्वेमर पूल पार करायचा. मी पूल चुकले. घळीत राखेचं वादळ उठलं आणि पात्राने हात डोळ्यांवर धरला. आभाळातून क्लिफ रेसर नावाचे पक्षी टोचायला आले. ज्यांनी हा गेम खेळलाय ते सगळे या पक्ष्यांचा एकमुखाने द्वेष करतात. मी आता त्यांच्यात सामील आहे.

शेवटी वही उघडली. त्या पानावर दादाच्या अक्षरात किल्ला, घळ, उतार असं सगळं होतं. आणि पुलाच्या खुणेशेजारी, पेन्सिलीने, मोठ्ठ्या गोल अक्षरात लिहिलं होतं : 'ईथे पुल आहे. वर बघ.'

अक्षर माझं होतं. दोन्ही शब्द चुकलेले होते, म्हणजे नक्कीच माझं.

मी विसरूनच गेले होते. गेमच्या डब्यात बेटाचा कागदी नकाशा मिळायचा. दादाच्या मित्राच्या मामाने तो डबा अमेरिकेहून आणलेला. मी आठ वर्षांची. कीबोर्डला हात लावायची मला परवानगी नव्हती. पण नकाशा धरायचं काम माझं होतं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मी बोट ठेवायचे आणि ओरडायचे, "दादा, डावीकडे! डावीकडे!" तो रस्ता चुकला की आम्ही दोघं मिळून चुकायचो.

तर मी वर बघितलं. पूल होता.

पलीकडे नळावरचं चाक फिरवलं की दार उघडतं. आत तो खोका शोधण्यात माझे दोन तास गेले. तळहाताएवढी वस्तू, अख्खी पडकी वास्तू, आणि चमकून दाखवणारं काहीच नाही. रात्री साडेअकराला मी बंगळुरूला फोन लावला. सुट्टी संपवून दादा तोवर परत गेला होता.

"दादा, खोका कुठाय?"

"नाही सांगणार."

"प्लीज ना."

"शेल्फ बघितलंस का?" तो म्हणाला आणि हसायला लागला. शेल्फवरच होता. मग आम्ही पाऊण तास बोलत बसलो. खोक्याबद्दल दोन मिनिटं, बाकीचं बाकीचं.

दिवस चौथा : जिना नसलेले मिनार

इथे थोडं साइट-सीइंग. व्हिवेक शहर पाण्यात उभं आहे, एकेक बेट म्हणजे एकेक प्रचंड दगडी इमारत, आणि वर आभाळात एक अख्खा खडक टांगलेला. त्यात तुरुंग आहे. आल्डरूनमध्ये बडी मंडळी एका महाकाय खेकड्याच्या पोकळ कवचात राहतात. सॅड्रिथ मोरात मांत्रिकांची घरं म्हणजे उगवलेले, वाढवलेले मश्रूमचे मिनार. या मिनारांमध्ये वरच्या मजल्यावर जायला जिनाच नाही. ज्याला उडता येत नाही त्याने वर येऊच नये, अशी या लोकांची गुर्मी!

उडण्याचा हा मंत्र ऑब्लिव्हियनमध्ये गायब झाला, स्कायरिममध्येही नाही. तिथली मोठी शहरं तटबंदीच्या आत वेगळी लोड होतात. उडून तटावरून आत गेलात तर आत शहरच नसेल. म्हणजे मंत्र गेला तो लोक मठ्ठ झाले म्हणून नाही, बांधणीची पद्धत बदलली म्हणून. पण त्याबरोबर जिना नसलेला मिनारही गेला. नुसता एक मंत्र गेला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं.

दिवस पाचवा : हिशेब

पाचव्या दिवशी मी मनातल्या मनात दादाच्या आकड्यांना उत्तर तयार केलं. मालिकेचा दुसरा भाग 'डॅगरफॉल', १९९६चा. त्यात कौशल्यं होती ३५! त्यातली बरीचशी राक्षस, ऑर्क वगैरेंच्या भाषा येण्याची, जी क्वचित उपयोगी पडायची. प्रदेश जवळजवळ १,६१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून मोठा. त्यासमोर दादाचं लाडकं व्हार्डनफेल केवढं? साधारण २४ चौरस किलोमीटर. आणि मुख्य म्हणजे, डॅगरफॉलमध्ये नकाशावर बोट ठेवून एका झटक्यात पोचायची सोय होती. म्हणजे त्या हिशेबाने मॉरोविंड हाच पाणी घातलेला चहा!

मी फोन करून हे सगळं ऐकवलं. पलीकडे शांतता.

"तो मी खेळलेलो नाही," दादा म्हणाला.

तेच तर. प्रत्येकाला आपण ज्या स्टेशनवर चढलो तिथूनच गाडी सुटली असं वाटतं. आधीचं सगळं किचकट, नंतरचं सगळं बाळबोध. कौशल्यांची संख्या मोजून गेम खोल की उथळ ते ठरत नाही. आणि पुढच्या भागांनी कमावलंही खूप. मॉरोविंडमधला दुकानदार चोवीस तास गल्ल्यावर उभा असतो, पुतळ्यासारखा. ऑब्लिव्हियनमध्ये माणसं संध्याकाळी दुकान बंद करतात, जेवतात, झोपतात. तिथे एका चित्रकाराच्या चित्राच्या आत शिरायची मोहीम आहे. एका बंद घरात पाहुण्यांमध्ये मिसळून एकेकाचा काटा काढायचा अन् कुणाला संशय येऊ द्यायचा नाही अशीही एक आहे. मॉरोविंडमध्ये इतकं रंगलेलं नाट्य मला तरी सापडलं नाही. आणि मॉरोविंडमधले काही पत्ते चक्क चुकीचे आहेत, पूर्वेला पाठवतात आणि ठिकाण असतं पश्चिमेला. रस्ता सांगायचा म्हणून ठोकून देणारे महाभाग तिथेही आहेत.

मग दादाचं सगळंच चुकलं का? नाही. मुद्दा बरोबर होता, मोजमाप चुकीचं होतं.

मॉरोविंडमध्ये माणसं बोलतात ते बहुतेक लिहिलेलं असतं, वाचायचं. ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक वाक्य नटांच्या आवाजात आलं. सम्राटाला तर पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज! ऐकायला भारीच. पण रेकॉर्ड केलेला शब्द महाग असतो. 'किल्ला ओलांड, घळीत उतर, मग वर बघ' एवढं सगळं कोण रेकॉर्ड करणार? आणि उद्या डिझायनरने गुहा डोंगराच्या पलीकडे सरकवली तर पुन्हा नटाला बोलवा. बाणाला काही सांगावं लागत नाही, तो आपोआप नव्या जागी वळतो. म्हणून माणसं 'नकाशावर खूण करून देतो' म्हणू लागली आणि रस्ता सांगेनाशी झाली.

लोक म्हणतात, नको असेल तर बाण बंद कर. मी स्कायरिममध्ये करून बघितलं. कठीण होत नाही, अशक्य होतं. कारण कामाच्या नोंदीत फक्त असतं : अमुक गुहेतून तमुक वस्तू आण. गुहा कुठे आहे हे कुणी लिहिलेलंच नसतं. बाण रस्ता सांगण्याच्या जोडीला आला असता तर मला काहीच तक्रार नव्हती. तो रस्त्याच्या जागी आला. मॉरोविंडमध्ये एका गुहेचा पत्ता तर कोड्यात दिलाय, आणि तिचं दार उघडतं फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला. हे बाणाने कसं दाखवणार?

आणि बाण असला की स्टुलावर बसून नकाशा धरणारं कुणी लागत नाही. स्कायरिमची माझी शेकडो तासांची भटकंती मी एकटीने केली आहे. छान केली. पण त्यात कुणाला फोन करायची वेळ एकदाही आली नाही.

ता. क.

पैजेचा निकाल बरोबरीत सुटला. अट अशी ठरली की आता दादाने स्कायरिम खेळायचं. गेल्या शनिवारी रात्री फोन.

"अगं, हे दार उघडत नाहीये. तीन चकत्या आहेत, प्राण्यांची चित्रं आहेत. बाण नुसता दाराकडे दाखवतोय, मूर्खासारखा."

मला माहीत होतं तो कुठे अडकलाय. रिव्हरवुडच्या वरचं थडगं, सोन्याच्या पंजाचं दार. चित्रांचा क्रम त्या पंजाच्या तळव्यावरच कोरलेला असतो. फक्त पंजा उलटा करून बघायचं सुचावं लागतं.

"सांग ना."

"नाही सांगणार."

"प्लीज ना."

"हातात काय आहे ते नीट बघितलंस का?" मी म्हटलं.

*

जायचं झालं तर...

कसं जाल : मॉरोविंड आजही कॉम्प्युटरसाठी ऑनलाइन विकत मिळतो, बहुधा 'ट्रायब्युनल' (२००२) आणि 'ब्लडमून' (२००३) या दोन्ही पुरवण्यांसकट. जुना लॅपटॉपही चालेल. 'ओपनएमडब्ल्यू' हे मोफत इंजिन वापरलंत तर आजच्या मशिनवर तो अधिक नीट चालतो, मात्र मूळ गेम विकत घेतलेला हवा.

काय न्याल : वही आणि पेन. गंमत नाही, खरंच.

काय टाळाल : धावत जाऊन मारामारी. दमलात की वार हुकतात. आणि सुरुवातीला जे शस्त्र चालवण्याचं कौशल्य निवडलंय तेच हातात धरा, म्हणजे खेकड्यापुढे अब्रू राहील.

पुढे कुठे : डॅगरफॉल २००९पासून फुकट मिळतो. ऑब्लिव्हियनची नव्या रूपातली आवृत्ती २०२५ साली आली. स्कायरिममध्ये २०१७ साली आलेला 'सर्व्हायव्हल मोड' घेतलात तर झटक्यात पोचायची सोय बंद होते. थंडी, भूक, झोप सगळं लागतं.

कुणासोबत : एकटे जाऊ नका. नकाशा धरायला कुणीतरी घ्या.